विश्लेषण : डॉक्टर नाही, तरी आरोग्य क्षेत्रातील पदवी, ‘फाउंडेशन वर्षा’चा मार्ग हिंगोलीच्या विद्यार्थ्यांना परवडणारा आहे का?

बारावीचा निकाल आणि पाठोपाठ ‘नीट’चा निकाल लागला की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ येथील अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो : एमबीबीएसचा नंबर लागला नाही, आता पुढे काय? गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला एक नवे उत्तर मिळू लागले आहे. परदेशातील ‘पब्लिक हेल्थ’ अर्थात सार्वजनिक आरोग्य विषयातील पदवी, तीही ‘फाउंडेशन वर्षा’सह. नीट नको, विज्ञान शाखा नसली तरी चालेल, बारावीचे गुण थोडे कमी असले तरी प्रवेश पक्का, असे तिचे वर्णन केले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे तथ्य खर्चाचे, कर्जाचे आणि परतल्यावरच्या नोकरीचे आहे. ते समजून न घेता घेतलेला निर्णय एखाद्या शेतकरी कुटुंबाला पुढची पंधरा वर्षे पुरू शकतो.

सार्वजनिक आरोग्य या विषयात नेमके काय शिकवतात?

डॉक्टर एका रुग्णावर उपचार करतो. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक एकाच गावातले, एकाच कामातले इतके लोक एकाच आजाराने का ग्रस्त आहेत, हे शोधतो. मराठवाड्यातलेच उदाहरण घेता येईल. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिला कामगारांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे २०१९ मध्ये चर्चेत आले. राज्य सरकारने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले.

यातली प्रत्येक शस्त्रक्रिया स्वतंत्रपणे पाहिली तर ती एका रुग्णाची केस आहे. हजारो शस्त्रक्रिया एकत्र पाहिल्या की वेगळे प्रश्न दिसू लागतात. एक दिवस काम बुडाले की कापला जाणारा खाडा, फडावर शौचालय आणि पाण्याची सोय नसणे, मुकादमाची उचल, खासगी दवाखान्यांवर नसलेली देखरेख. ही गाठ सोडवायला औषधशास्त्राबरोबर संख्याशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदाही लागतो. म्हणूनच सार्वजनिक आरोग्याच्या पदवीत साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, आरोग्य धोरण, पर्यावरणीय आरोग्य, पोषण, आरोग्य शिक्षण आणि संशोधन पद्धती हे विषय असतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट व्हायला हवी. ही पदवी घेणारा विद्यार्थी डॉक्टर होत नाही. त्याला रुग्ण तपासता येत नाही, औषध लिहून देता येत नाही, दवाखाना टाकता येत नाही. ‘मेडिकल फील्डची डिग्री’ एवढेच सांगून कोणी ती गळ्यात मारत असेल, तर पालकांनी तिथेच थांबून दुसरा प्रश्न विचारायला हवा.

मग फाउंडेशन वर्ष म्हणजे काय?

ही पद्धत प्रामुख्याने ब्रिटनमधील आहे. इंग्लंडमध्ये पदवी साधारण तीन वर्षांची असते. थेट पहिल्या वर्षाला प्रवेश मिळण्याइतके गुण किंवा योग्य विषय नसतील, तर विद्यापीठ त्याआधी एक तयारीचे वर्ष जोडते. त्याला ‘शून्य वर्ष’ असेही म्हणतात. म्हणजे एक अधिक तीन, अशी चार वर्षे. तयारीच्या वर्षात शैक्षणिक इंग्रजी, निबंध आणि अहवाल लेखन, मूलभूत जीवशास्त्र, प्राथमिक संख्याशास्त्र, समाज आणि आरोग्य यांची ओळख आणि एखादा छोटा प्रकल्प, असे साधारण स्वरूप असते. ते उत्तीर्ण झाल्यावर पहिल्या वर्षात प्रवेश मिळतो. नापास झाल्यास पुढचा रस्ता बंद होऊ शकतो.

याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. पहिल्यात फाउंडेशन वर्ष हे पदवीचाच भाग असते. प्रवेश, व्हिसा आणि विद्यापीठ सगळे एकच. दुसऱ्यात ते स्वतंत्र असते, अनेकदा एखाद्या खासगी कॉलेजात शिकवले जाते आणि नंतर विद्यापीठात प्रवेश मिळतो. दुसऱ्या प्रकारात अभ्यासक्रम पदवीच्या खालच्या स्तराचा गणला गेल्यास अर्धवेळ कामाची मुभाही कमी होते. पदवीस्तरावरील विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते, पदवीखालच्या अभ्यासक्रमाला १० तासच. हातखर्च तिथेच कमावण्याचा बेत आखणाऱ्यांनी हा फरक आधी पाहावा.

ब्रिटनमध्ये या वर्षाबद्दल काय मत आहे?

तिथेही ते एकमताने स्वीकारलेले नाही. परिस्थितीमुळे मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना दुसरी संधी देणारे वर्ष म्हणून त्याचे स्वागत झाले. प्रौढ वयात पुन्हा शिकू पाहणारे, घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात जाणारे यांना त्याचा उपयोगही झाला. मात्र २०११-१२ ते २०२१-२२ या दशकात इंग्लंडमध्ये फाउंडेशन वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांची संख्या सुमारे आठपट झाली आणि विद्यापीठे याकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहत आहेत का, असा प्रश्न उपस्थित झाला. २०१९ च्या ऑगर समितीने तर या वर्षासाठीचे सरकारी विद्यार्थी-कर्ज बंद करण्याची शिफारस केली होती. ती जशीच्या तशी मान्य झाली नाही. पण २०२५-२६ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांच्या फाउंडेशन वर्षाचे कमाल शुल्क स्थानिक विद्यार्थ्यांसाठी ५,७६० पौंडांवर आणण्यात आले.

ही मर्यादा भारतीय विद्यार्थ्यांना लागू नाही. परदेशी विद्यार्थ्यांकडून किती शुल्क घ्यायचे, हे विद्यापीठ स्वतः ठरवते. म्हणजे ज्या वर्षाचे मूल्य तिथल्या सरकारने स्थानिकांसाठी कमी केले, तेच वर्ष हिंगोलीच्या विद्यार्थ्याला कितीतरी अधिक दराने घ्यावे लागते.

हिंगोलीच्या विद्यार्थ्याला या वर्षाची गरज असते का?

सगळ्यांना नाही. भारतातील बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्यांना ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे थेट पदवीच्या पहिल्या वर्षाला घेतात. मात्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांकडून बहुधा सीबीएसईच्या तुलनेत अधिक टक्के मागितले जातात. इंग्रजीची अट वेगळी असते. विद्यार्थी व्हिसासाठी पदवीस्तरावर ‘बी-२’ ही पातळी लागते. आयईएलटीएसच्या भाषेत वाचन, लेखन, श्रवण, संभाषण या प्रत्येकात किमान ५.५. विद्यापीठाची स्वतःची अट याहून वरची असू शकते.

त्यामुळे आधी एक साधी तपासणी करावी. थेट प्रवेश नाकारला जाण्याचे कारण काय, गुण, विषय की इंग्रजी? अडचण केवळ इंग्रजीची असेल, तर घरी राहून सहा-आठ महिने तयारी करून पुन्हा परीक्षा देणे हे परदेशातल्या एका पूर्ण वर्षापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. अडचण गुणांची किंवा शाखेची असेल, तर फाउंडेशन वर्षाचा विचार करता येतो. पण तेव्हाही पुढचे गणित मांडूनच.

खर्चाचे गणित कसे मांडायचे?

शुल्क विद्यापीठागणिक बदलते, त्यामुळे येथे एक उदाहरण धरू. वार्षिक शुल्क १५ हजार पौंड आणि एका पौंडाला ११५ रुपये, अशी गृहीतके. राहण्याच्या खर्चासाठी व्हिसाच्या नियमांत नऊ महिन्यांची रक्कम दाखवावी लागते. लंडनबाहेर ती महिन्याला ११०० पौंडांहून अधिक आहे. ११०० धरले तरी वर्षाला ९,९०० पौंड होतात. त्यावर आरोग्य अधिभार. विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे आणि संपूर्ण मुदतीचा व्हिसा अर्जाच्या वेळीच भरावा लागतो. चार वर्षांचे ३,१०४ पौंड, म्हणजे साडेतीन लाख रुपयांहून अधिक, विमानात बसण्याआधीच जातात.

एकट्या फाउंडेशन वर्षाचा हिशेब असा : शुल्क १५,०००, राहणे ९,९००, अधिभार ७७६. एकूण २५,६७६ पौंड, म्हणजे सुमारे साडेएकोणतीस लाख रुपये. चारही वर्षांचा हिशेब सुमारे १ कोटी १८ लाखांवर जातो. यात विमानभाडे, व्हिसा शुल्क, दरवर्षीची शुल्कवाढ आणि रुपयाची घसरण धरलेली नाही.

हा आकडा हिंगोलीच्या मापाने पाहिला तर नीट समजतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. तयारीच्या एका वर्षाचे साडेएकोणतीस लाख उभे करायला साडेपाचशे क्विंटल सोयाबीन विकावे लागेल. एकरी आठ क्विंटल उतारा आणि पूर्ण हमीभाव मिळाला असे मानले, तरी ते ६९ एकरांचे पीक झाले. त्यातून बियाणे, खत, फवारणी, मजुरी, मळणी यांचा खर्च वजा केलेला नाही. आणि हे सगळे ज्या वर्षासाठी, त्या वर्षाअखेर हातात पदवी नसते. पदवीच्या पहिल्या वर्षात बसण्याची परवानगी असते.

शैक्षणिक कर्ज मिळत नाही का?

मिळते, पण तारणाचा प्रश्न येतो. सार्वजनिक क्षेत्रातील बँका ज्या आदर्श कर्ज योजनेचा आधार घेतात, तिच्यानुसार साडेसात लाखांपुढील कर्जासाठी साधारणपणे स्थावर मालमत्ता किंवा ठेवी तारण द्याव्या लागतात. ग्रामीण कुटुंबाकडे तारण म्हणजे शेतजमीन. बँकांना तारणाची थेट वसुली करू देणाऱ्या ‘सरफेसी’ कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे अनेक बँका शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन स्वीकारत नाहीत. शहरातील बिगरशेती भूखंड, घर किंवा मुदत ठेव मागतात.

इथूनच पुढचा धोका सुरू होतो. बँकेने नाही म्हटले की कुटुंब बिगर-बँक वित्तसंस्थेकडे अधिक व्याजाने जाते, किंवा जमीन विकते. सरळ हिशेब पाहू. साडेएकोणतीस लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ३९ हजारांचा हप्ता बसतो. संपूर्ण चार वर्षांचे कर्ज पंधरा वर्षांत फेडायचे म्हटले तरी हप्ता सव्वा लाखाच्या पुढे जातो. शिक्षण चालू असताना वाढत जाणारे व्याज यात नाही.

शिष्यवृत्त्यांचे काय? राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि ती पदव्युत्तर व पीएचडी शिक्षणाला मिळते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठीच आहे. दोन्हींत फाउंडेशन वर्ष बसत नाही. थोडक्यात, बारावीनंतर लगेच गेल्यास सगळा भार घरावर आणि भारतात पदवी घेऊन मग गेल्यास पात्र विद्यार्थ्याला शासनाचा आधार, असा हा फरक आहे. परदेशाचे स्वप्न पाहणाऱ्या गरीब घरातल्या हुशार विद्यार्थ्यासाठी हीच सर्वात महत्त्वाची माहिती आहे आणि माहितीपत्रकांत ती सापडत नाही.

शिकून तिथेच नोकरी केली तर कर्ज फिटेल ना?

हे गृहीत धरण्यासारखी परिस्थिती आता राहिलेली नाही. ब्रिटनमध्ये पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारा ‘ग्रॅज्युएट’ व्हिसा दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना तो १८ महिन्यांचाच मिळणार आहे. आज फाउंडेशन वर्षाला जाणारा विद्यार्थी चार वर्षांनी बाहेर पडणार असल्याने त्याला नवीनच नियम लागू होईल. त्यापुढे राहायचे तर कुशल कामगार व्हिसा हवा. त्याची सर्वसाधारण वेतनमर्यादा जुलै २०२५ मध्ये वर्षाला ४१,७०० पौंड करण्यात आली. नवपदवीधरांना काही सवलत आहे, पण आरोग्य प्रचार किंवा सामुदायिक आरोग्यातील सुरुवातीच्या नोकरीत एवढा पगार मिळवणे सोपे नाही.

आणि परत आल्यावर?

भारतात सार्वजनिक आरोग्याच्या नोकऱ्या आहेत, पण त्यांचे दरवाजे वेगळ्या चाव्यांनी उघडतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जिल्हा पातळीवरील साथरोगतज्ज्ञ किंवा सार्वजनिक आरोग्य तज्ज्ञ या पदांच्या जाहिरातींत अनेकदा ‘वैद्यकीय पदवीधर आणि सोबत एमपीएच’ अशी अट असते. उपकेंद्रांवरील, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांतील समुदाय आरोग्य अधिकारी हे पद बीएएमएस, बीएस्सी नर्सिंग अशा पात्रताधारकांसाठी आहे. त्यासाठी सहा महिन्यांचा प्रशिक्षण अभ्यासक्रम असतो. केवळ सार्वजनिक आरोग्यातील परदेशी बीएस्सी घेऊन आलेला विद्यार्थी या दोन्ही रांगांत बसत नाही. त्याला बहुधा पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यावेच लागते. शिवाय अभियानातील बहुतांश पदे कंत्राटी आहेत.

परदेशी पदवीला भारतात समकक्षता मिळवण्याचीही प्रक्रिया आहे. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये स्वतंत्र नियमावली अधिसूचित केली. शासकीय नोकरी किंवा भारतात पुढील शिक्षण घ्यायचे असेल, तर प्रवेशाआधीच ती वाचलेली बरी.

देशात, राज्यात कोणते मार्ग आहेत?

भारतात हा विषय प्रामुख्याने पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता आणि सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ पासून काम करते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेतील अच्युत मेनन केंद्राने १९९७ मध्ये एमपीएच अभ्यासक्रम सुरू केला. मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सामाजिक साथरोगशास्त्र आणि आरोग्य धोरण, अर्थशास्त्र व वित्त या दिशांनी एमपीएच शिकवले गेले आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेली मुंबईचीच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था लोकसंख्याशास्त्र आणि जैवसंख्याशास्त्रासाठी ओळखली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम हीच संस्था पाहते. चेन्नईतील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थाही एमपीएच चालवते.

यातील काही ठिकाणी वैद्यकीय किंवा आरोग्यविषयक पदवी लागते, तर काही ठिकाणी समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य, संख्याशास्त्र अशा शाखांच्या पदवीधरांनाही दार खुले असते. त्यामुळे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न हिंगोलीतील एखाद्या महाविद्यालयातून पदवी घ्यायची आणि मग एमपीएचला जायचे, हा मार्ग अजिबात दुय्यम नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता चार वर्षांची ऑनर्स पदवीही घेता येते. म्हणजे परदेशात फाउंडेशनसह जेवढी वर्षे लागतात, तेवढ्याच वर्षांत घराजवळ ऑनर्स पदवी हातात येते. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना महाडीबीटीवरून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा आधारही मिळतो.

लवकर कमावते व्हायचे असेल, तर बीएस्सी नर्सिंग आणि त्यानंतर समुदाय आरोग्य अधिकारी, किंवा बारावीनंतर अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेसारख्या संस्थेतून स्वच्छता निरीक्षक पदविका, हे रस्ते आहेत. नगरपालिकेचा स्वच्छता निरीक्षक हा सार्वजनिक आरोग्याचाच शिपाई असतो. त्याच्या नावापुढे फक्त इंग्रजी पदवी नसते.

परदेशात हा विषय शिकून आलेल्यांनी काय केले?

महाराष्ट्रात याची दोन मोठी उदाहरणे आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. फारशी शाळा न शिकलेल्या गावातील महिलांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच करून परतले आणि गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेमार्फत कामाला लागले. घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याची त्यांची पद्धत ३९ गावांत राबवली गेली. तिची तुलना इतर ४७ गावांशी करण्यात आली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, त्यामागे या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. हिंगोलीच्या गावांतही ती याच वेळापत्रकाने जाते.

या दोन्ही जोडप्यांच्या प्रवासात एक समान क्रम आहे. पाया भारतात घातला गेला, प्रश्न इथले पाहिले आणि परदेशी शिक्षण नंतर, पदव्युत्तर पातळीवर, त्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी घेतले. ते सगळे आधी डॉक्टर होते, हे खरे. पण क्रमाचा धडा डॉक्टर नसलेल्यांनाही लागू होतो.

पायाभरणीचे वर्ष घरीच करता येईल का?

बऱ्याच अंशी येईल. फाउंडेशन वर्षात जे चार घटक असतात, त्यांपैकी बहुतेक गोष्टी हिंगोलीत बसून पदवीच्या बरोबरीने करता येतात.

पहिला घटक संशोधनाची ओळख. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे आरोग्य संशोधनाचे मूलभूत अभ्यासक्रम ‘एनपीटीईएल’च्या माध्यमातून ऑनलाइन उपलब्ध झाले आहेत. दुसरा, आकडेवारी वाचण्याची सवय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हानिहाय पत्रके, हिंगोलीचेही, मोफत उतरवून घेता येतात. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के महिलांचे लग्न १८ वर्षांआधी झाले होते, पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती आणि १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय होता. आपल्या जिल्ह्याचा आकडा राज्याच्या वर आहे की खाली आणि का, हे दोन पानांत लिहून काढणे हाच पहिल्या सत्राचा उत्तम स्वाध्याय.

तिसरा, व्यवस्थेची ओळख. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार आणि त्यातील जवळपास ८५ टक्के ग्रामीण. सपाट भागात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष लावला, तर जिल्ह्याला सुमारे २०० उपकेंद्रे आणि ३३ केंद्रे हवीत. प्रत्यक्षात आपल्या तालुक्यात किती आहेत, त्यांतील किती पदे भरलेली आहेत, हे पंचायत समितीच्या आरोग्य विभागात विचारता येते. चौथा घटक इंग्रजी. त्यासाठी रोज तासभर वाचन आणि लेखन, याला पर्याय नाही. तो परदेशातही नसतो.

हिंगोलीत आता आणखी एक जमेची बाजू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात हिंगोलीचे महाविद्यालय आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी गावातील कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा, हा आता त्यांच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. जिल्ह्यात सामुदायिक वैद्यक विभाग उभा राहणे म्हणजे सर्वेक्षणे, शिबिरे आणि क्षेत्रकार्य वाढणे. पदवीचे विद्यार्थी आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे गट त्याच्याशी जोडले गेले, तर दोघांचाही फायदा आहे.

तरीही जायचेच असेल तर काय तपासावे?

काही विद्यार्थ्यांसाठी फाउंडेशन वर्ष योग्यही ठरू शकते. घरची आर्थिक ताकद आहे, जमीन विकावी लागत नाही, विषयाची खरी ओढ आहे, अशांनी जरूर विचार करावा. मात्र पैसे भरण्याआधी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

– फाउंडेशन वर्ष पदवीचा भाग आहे की स्वतंत्र? व्हिसा एकाच वेळी चार वर्षांचा मिळणार का?

– शिकवणार कोण? पदवी एका विद्यापीठाची आणि वर्ग दुसऱ्याच खासगी कॉलेजात, अशा व्यवस्थेबाबत ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २०२४ मध्ये गंभीर त्रुटी दाखवल्या आहेत.

– संस्था ‘ऑफिस फॉर स्टुडंट्स’च्या नोंदवहीत आणि विद्यार्थी व्हिसासाठीच्या परवानाधारक संस्थांच्या यादीत आहे का? दोन्ही याद्या इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात.

– फाउंडेशनमधून पहिल्या वर्षात जाण्यासाठी किती गुण लागतात? नापास झाल्यास शुल्काचे काय?

– व्हिसा नाकारला गेल्यास किती रक्कम, किती दिवसांत परत मिळेल?

– सल्लागाराला विद्यापीठाकडून कमिशन मिळते का? मिळत असेल, तर त्याचा सल्ला हा विक्रेत्याचा सल्ला आहे, हे समजून ऐकावा.

शेवटी प्रश्न पदवीच्या नावाचा नाही, क्रमाचा आहे. सार्वजनिक आरोग्य हा विषय हिंगोलीसारख्या जिल्ह्याला हवाच आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या महिला, उन्हाळ्यातले टँकरचे पाणी, फवारणीच्या हंगामात होणारी विषबाधा, लवकर लावून दिलेली लग्ने या सगळ्यांकडे आकडेवारी हातात घेऊन पाहणारी तरुण माणसे इथे कमी आहेत. ती घडण्यासाठी साडेएकोणतीस लाखांचे तयारीचे वर्ष ही अट नाही. आधी इथे पदवी, मग देशात एमपीएच किंवा शिष्यवृत्तीवर परदेश, या क्रमाने गेल्यास वर्षे तेवढीच लागतात, सातबारा मात्र घरच्याच नावावर राहतो.